टिचबटण किती घट्ट हवं?

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी ‘बटणांची कवळी’ असे दोनच शब्द लिहिले होते. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी पिवळे दात, अक्कलदाढ आणि तोंडाचा वास यांना सुट्टी देते.

ज्यांच्या नजरेतून ती ओळ सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नेहमीची कवळी हिरडीवर नुसती टेकलेली असते. बटणांच्या कवळीच्या, म्हणजे ओव्हरडेंचरच्या, खाली मात्र जुन्या दातांची एक-दोन मुळं राखलेली असतात किंवा हाडात इम्प्लांट, म्हणजे मुळाच्या जागी टायटॅनियमचे स्क्रू, बसवलेले असतात, आणि कवळीच्या पोटात त्यांना धरून ठेवणारा जोड असतो. त्या जोडाला आम्ही अटॅचमेंट म्हणतो. माझी आई पंचवटीत ब्लाउज शिवायची. तिच्या मशीनच्या खणात टिचबटणांची एक पत्र्याची डबी असे. ती डबी आता माझ्या क्लिनिकच्या टेबलावर आहे. पेशंटला समजावताना मी चित्र काढत बसत नाही, एक बटण त्याच्या हातात देते. अर्धं खाली हाडात, अर्धं कवळीत, मध्ये ‘टिच्’. पुढचं बोलणं मग सोपं जातं.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट घालून बटणांची कवळी करून घेतली. सात महिने सुखाचे गेले, मग ती सैल झाली. डॉक्टरांनी आतल्या गुलाबी रिंगा बदलल्या. सात महिन्यांनी पुन्हा तेच. आता तिसरी खेप, आणि दर खेपेला पैसे. मी गणिताची शिक्षिका होते, हिशोब मला कळतो. माझी फसवणूक होते आहे का?
— निवृत्त शिक्षिका, इंदिरानगर

उत्तर : बाई, फसवणूक नाही. पण तुमच्या हिशोबात एक पद राहून गेलंय, ते शोधू या.

रिंग झिजावी म्हणूनच ती नायलॉनची करतात. कुकरची रिंग रबराची का असते? भांडं महाग, झाकण महाग, रिंग स्वस्त. इथेही तोच विचार आहे. हाडातल्या इम्प्लांटवर जे टायटॅनियमचं बटण आहे ते टिकायला हवं, म्हणून झीज मुद्दाम कवळीतल्या मऊ भागाकडे ढकललेली असते. तीन जेवणांनंतर आणि रात्री झोपताना, अशी तुम्ही दिवसाला चार वेळा कवळी काढली-घातली तर वर्षाला १,४६० वेळा ते बटण उघडतं-मिटतं. ब्लाउजचं बटणही इतकं सोसत नाही. त्यामुळे रिंग बदलावी लागणारच, गाडीच्या ब्रेकपट्ट्यांसारखी. हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. आम्ही डॉक्टर मंडळी नेमकं तेच सांगायला विसरतो आणि मग पेशंटला वाटतं, माल खराब निघाला.

तरीही सात महिने कमीच. एकदा ठीक आहे, पण लागोपाठ तीनदा सातच महिने म्हणजे दोष रिंगेत नाही, रिंग कोणीतरी खातंय. माझा पहिला संशय तुमच्या दातांवर आहे. कवळी तोंडात ठेवून, वरच्या दातांनी चावून ती ‘टिच्’ करण्याची सवय आहे का? बऱ्याच जणांना असते, सोपं पडतं. पण चावताना कवळी जराशी तिरकी बसते आणि रिंगेची कड कुरतडली जाते. दोन्ही बाजूंना बोटं ठेवून सरळ खाली दाबायची, आवाज आला की सोडायचं.

दुसरा संशय सफाईवर. टूथपेस्टमध्ये घासणारी बारीक पूड असते, कवळीला ती नको. ब्लीचच्या पाण्यात भिजवाल तर नायलॉनची पकड जाते, आणि उकळत्या पाण्याने कवळीच वाकते. भांड्यांचा सौम्य द्रव साबण, मऊ ब्रश आणि साधं पाणी, एवढं पुरतं.

तिसरा संशय मला सर्वात दाट वाटतो, कारण मध्ये दोन वर्षं गेली आहेत. तुमचे इम्प्लांट पुढे, सुळ्यांच्या जागी असणार. मागे, दाढांच्या जागी, कवळी अजून हिरडीवरच टेकते आणि तिथलं हाड हळूहळू झिजतं. मग मागे पोकळी होते आणि प्रत्येक घासाला कवळी त्या दोन बटणांवर मागे-पुढे झुलते, दोन कड्यांवरच्या झोपाळ्यासारखी. त्या झुलण्यात रिंग भरडली जाते. घरी एक परीक्षा करून बघा. कवळी घाला, आरशासमोर उभ्या राहा आणि एकेका बाजूच्या शेवटच्या दाढेवर बोटाने खाली दाबा. पुढचे दात वर उचलले गेले, तर नव्या रिंगा घालणं म्हणजे गळक्या नळाखाली बादली बदलत राहणं. आधी कवळीला आतून नवा थर द्यावा लागतो. त्याला रीलाइन म्हणतात. रिंगा त्यानंतर.

डॉक्टरांना आणखी एक विचारा : खालचं टायटॅनियमचं बटणच झिजलं नाही ना? त्याची धार गेली असेल तर कितीही नवी रिंग घाला, धरायला तिला काही मिळणार नाही.

जाता जाता रंगांबद्दल. तुमची गुलाबी रिंग बहुधा ‘लोकेटर’ नावाच्या बुटक्या बटणाची. त्यात रंगावरून पकड ओळखतात. नवी निळी रिंग पाऊण किलोपेक्षा थोड्या कमी ओढीला सुटते, गुलाबी सुमारे १.४ किलोला आणि पारदर्शक जवळजवळ सव्वादोन किलोला. वैतागून ‘आता ती पारदर्शकच घाला’ असा आग्रह धरू नका. कवळी झुलत असेल तर पारदर्शकही तशीच भरडली जाईल, शिवाय काढताना बोटं दुखतील.

आणि कधी अचानक, एका दिवसात कवळी नीट बसेनाशी झाली तर घाबरू नका. या बटणाच्या डोक्यावर मधोमध एक खोलगा असतो. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे एक आजोबा आले होते, ‘बटण बिघडलं’ म्हणून. मी टोकदार सळीने त्या खोलग्यातून एक अख्खा तीळ काढला. पेरूच्या दिवसांत पेरूची बी निघते.

प्रश्न : सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. खालच्या जबड्यात त्यांचे फक्त दोन सुळे उरलेत, तेही थोडे हलतात. डॉक्टर म्हणाले, दोन्ही काढून पूर्ण कवळी बसवू, काम सुटसुटीत होईल. सासूबाई ऐकत नाहीत. म्हणतात, ‘देवाने दोन ठेवलेत ते तुमच्या डोळ्यांत का खुपतात?’ त्यांना कसं समजवावं?
— एक सून, निफाड

उत्तर : समजवू नका. सासूबाईंचा मुद्दा बरोबर आहे, फक्त त्यांनी तो देवाच्या नावावर घातलाय.

तुम्ही निफाडच्या, तेव्हा द्राक्षाचा मांडव रोज पाहत असाल. उंच बांबू वाऱ्याने डुलतो. तोच जमिनीपासून वीतभर ठेवून कापला तर हलवून हलत नाही. माती तीच, पुरलेला भाग तोच, फक्त वरचा तरफेसारखा जोर गेला. सुळ्याचंही असंच करता येतं. त्याचं रूट कॅनाल करायचं, मग हिरडीच्या वर एक-दोन मिलिमीटर ठेवून दात कापायचा आणि वरून गोल घुमटासारखा घासून घ्यायचा. हलणारं ते मूळ पुष्कळदा काही आठवड्यांत घट्ट होतं. त्यावर कवळी चढते. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतात फक्त कवळीचे दात, खाली सासूबाईंची दोन मुळं शाबूत.

यासाठी एवढा खटाटोप का, ते सांगते. दात गेला की त्याच्याभोवतालच्या हाडाला काम उरत नाही आणि ते विरघळत जातं. २५ वर्षं कवळी वापरणाऱ्यांच्या जबड्यांचा पाठपुरावा करणारा एक अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्यात खालच्या जबड्याच्या पुढच्या भागाची झीज वरच्या जबड्याच्या जवळपास चौपट आढळली. म्हणजे सासूबाईंचे सुळे जिथे उभे आहेत, हाड सर्वाधिक जातं ती हीच जागा. १९७८ साली आणखी एक अभ्यास आला. त्यात खालचे दोन सुळे राखून वर कवळी दिलेल्यांची आणि सगळे दात काढून पूर्ण कवळी दिलेल्यांची पाच वर्षांनी तुलना केली होती. जबड्याच्या पुढच्या भागात पहिल्यांचं हाड सरासरी ०.६ मिलिमीटर गेलं, दुसऱ्यांचं ५.२ मिलिमीटर. पाच मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. करंगळीच्या नखावर मोजून बघा, आणि मग ज्या उंचवट्यावर कवळी बसायची तो तेवढा खचल्याची कल्पना करा.

दुसरा फायदा मिलिमीटरमध्ये मोजता येत नाही, पण पेशंटच आपणहून सांगतात. मुळाभोवती जे बारीक तंतू असतात, त्यांना दाबाची जाणीव असते. दोन मुळं असली तरी डाळीतला खडा, मिसळीतल्या फरसाणाचा कडकपणा तोंडाला ‘कळतो’. नुसत्या हिरडीला हे फार उशिरा कळतं.

आता डॉक्टरांची बाजू. ते चूकच आहेत असं मी इथे बसून म्हणणार नाही, मी एक्स-रे पाहिलेला नाही. मुळाचा निम्मा तरी भाग हाडात हवा, हा माझा स्वतःचा निकष. हिरडीतून पू येत असेल, मूळ उभं चिरलेलं असेल, तर काढणंच बरं. पण ‘सुटसुटीत’ हे कारण मला पटत नाही. डॉक्टरांना एकच वाक्य विचारा : ‘मुळं ठेवून वर कवळी होईल का?’ पुष्कळ डॉक्टर हे सुचवतच नाहीत, कारण रूट कॅनालचा खर्च ऐकून पेशंट उठून जातो, असा त्यांचा अनुभव असतो.

बटणांची घाई मात्र करू नका. मुळात खिळी रोवून त्यावर गोळी बसवता येते, चुंबक बसवता येतो, आणखीही बरंच काही बसवता येतं. मी आधी नुसता गोल घुमट ठेवते, वर साधं फिलिंग करते आणि दोनेक महिने कवळी वापरू देते. निम्म्याशिम्म्या आज्या त्यावरच खूश असतात. कवळी उचलली जातेच असं दिसलं, तर बटण नंतरही लावता येतं.

एक धोका आहे आणि तो घरच्यांनी ओळखायचा. मुळातली नस काढलेली, त्यामुळे कीड लागली तरी ठणका लागत नाही. कवळीच्या अंधाऱ्या पोटाखाली मूळ गुपचूप कुजतं आणि एक दिवस तुकडा हातात येतो. म्हणून रोज रात्री कवळी काढायची, पाण्यात ठेवायची, आणि मुळांच्या त्या दोन डोक्यांवर मऊ ब्रश गोल फिरवायचा. डॉक्टर फ्लोराइडचं जेल देतील, त्याचा एकेक थेंब कवळीतल्या खळग्यात टाकून मग ती घालायची. आणि सासूबाई मिश्री लावत असतील तर देवाचंच नाव घेऊन तीही सोडायला सांगा.

प्रश्न : वय ६४, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त. वरची कवळी चिकटून बसते, खालची बोलताना उडते. एक डॉक्टर म्हणतात दोन इम्प्लांट आणि बटणं, दुसरे म्हणतात चार इम्प्लांट आणि त्यांना जोडणारा बार. चार म्हणजे दुप्पट पक्कं, बरोबर ना? छपाईत आम्ही मायक्रॉनमध्ये बोलायचो, तेव्हा तांत्रिक उत्तर द्यायला हरकत नाही.
— जेल रोड

उत्तर : दुप्पट पक्कं नाही. दुप्पट शस्त्रक्रिया आणि दुपटीहून जास्त खर्च, एवढं नक्की.

खालचीच का उडते, ते आधी. वरच्या कवळीला टाळूचं अख्खं पठार मिळतं, लाळेचा पातळ थर आणि हवेचा दाब तिला धरून ठेवतात. खालच्या कवळीला घोड्याच्या नालेसारखी अरुंद पट्टी मिळते, वरच्याच्या साधारण निम्मी जागा, आणि मध्ये जीभ सतत धक्के मारत असते. म्हणून जगभर इम्प्लांटची पहिली गरज खालच्या जबड्याला धरतात. २००२ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञ जमले आणि त्यांनी असं मत दिलं की दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी नुसती कवळी हा आता पहिला पर्याय मानू नये, दोन इम्प्लांटवरची ओव्हरडेंचर मानावी. २००९ साली ब्रिटनमध्ये यॉर्कच्या निवेदनात तीच भूमिका पुन्हा मांडली गेली. दोघांनीही ‘दोन’ म्हटलंय, चार नाही. वरच्या जबड्याचं हाड मऊ, तिथे चारची भाषा योग्य असते. पण तुमची वरची कवळी बसतेय, तिच्या वाटेला जाऊ नका.

आता बार. झुरिकमधल्या डोल्डर यांच्या नावाचा बार जुना आणि नामांकित. दोन इम्प्लांटमध्ये दांडी, आणि कवळीच्या पोटातली खाच किंवा क्लिप त्या दांडीला पकडते. त्याच्या एका प्रकारात दांडीचा छेद अंड्यासारखा असतो, म्हणजे कवळी त्यावर किंचित हलू शकते. दुसऱ्यात बाजू सरळ, कवळी अजिबात हलत नाही. हॅडर बारची क्लिप प्लास्टिकची, झिजली की बदलायची. बार मला आवडतो, पण त्याला कारण हवं. इम्प्लांट एकमेकांना तिरके गेले असतील तर बटणं लवकर झिजतात, तिथे बार तो तिरकेपणा पोटात घालतो. हाड कमी म्हणून इम्प्लांट आखूड घातले असतील, तर बार त्यांना एकमेकांचा आधार देतो.

त्याची किंमत जागेत मोजावी लागते, आणि इथे तुमची मोजपट्टी कामाला येईल. इम्प्लांटच्या माथ्यापासून दातांच्या चावायच्या कडेपर्यंत बारला साधारण १२-१३ मिलिमीटर उंची लागते. लोकेटरसारख्या बुटक्या बटणाला ८-९ मध्ये भागतं. जागा नसताना बार कोंबला तर वरचं कवळीचं प्लास्टिक, म्हणजे अ‍ॅक्रिलिक पापडाइतकं पातळ उरतं आणि कवळी नेमकी बारच्या रेषेत तडकते. म्हणून आधी मेणावर दात मांडून तोंडात बघायचे, उंची मोजायची आणि मग अटॅचमेंट ठरवायची. कॅटलॉग बघून आधी अटॅचमेंट ठरवणं म्हणजे चौकट बघण्याआधी दार विकत घेणं. दुसरं, बार सगळ्या इम्प्लांटवर एकाच वेळी, ताण न देता बसायला हवा. एका बाजूचा स्क्रू आवळला आणि दुसरी बाजू केसभर उचलली गेली, तर तो ताण तसाच हाडात जातो. तुमच्या भाषेत, रजिस्टर चुकलं, रंगावर रंग बसला नाही. आणि बारखाली अन्न अडकतं, तिथे रोज दोऱ्याने साफ करायची तुमची तयारी आहे का, हेही स्वतःला विचारा.

तुमच्या जागी मी असते तर दोन इम्प्लांट आणि बटणं घेतली असती. पुढे गरज पडली तर आणखी दोन घालता येतात.

बटणांतही दोन जाती आहेत. लोकेटरविषयी वर लिहिलंच आहे. दुसरी जुनी गोळीवाली : खाली धातूची गोळी आणि कवळीत रबराची ओ-रिंग, गॅस सिलिंडरच्या वॉशरची धाकटी बहीण. ती साधी असते आणि रिंग बदलायला सोपी, पण गोळी उंच असल्याने जागा जास्त खाते.

या गोळीवरून एक आठवण सांगते, बटणं कवळीत कशी बसवतात तेही त्यातून कळेल. गोळीवर धातूची टोपी चढवायची, कवळीत त्या जागी खड्डा कोरायचा, खड्ड्यात ओलं गुलाबी अ‍ॅक्रिलिक घालायचं आणि कवळी तोंडात बसवून ते तिथेच घट्ट होऊ द्यायचं. टोपी कवळीत पकडली जाते. फक्त एक पथ्य आहे : गोळीच्या मानेखाली जी आत गेलेली खोबण असते ती आधी रबराच्या चकतीने झाकायची, नाहीतर अ‍ॅक्रिलिक तिच्यात शिरून अडकतं. १९९७ साली, माझ्या क्लिनिकच्या तिसऱ्या वर्षी, फोन वाजला, मी उठले, परत आले आणि एका बाजूची चकती घालायची राहिली. सहा-सात मिनिटांनी अ‍ॅक्रिलिक गरम होऊन दगडासारखं झालं. कवळी निघेना. ओढली तर इम्प्लांटच ओढला जाणार. दिंडोरीचे एक शेतकरी खुर्चीत तोंड उघडून बसलेले आणि मी त्यांच्या तोंडातच, त्यांच्याच कोऱ्या कवळीला वरून भोक पाडत चाललेली. दीड तास लागला. बाहेर त्यांच्या पत्नी माझ्यासाठी आणलेली द्राक्षांची पाटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नवी कवळी अर्थातच माझ्या खर्चाने झाली. तेव्हापासून या कामाच्या वेळी क्लिनिकचा फोन उचलायचा नाही, असा नियम आहे, आणि चकत्या मी मोठ्याने मोजते. पेशंटना वाटतं मी काहीतरी मंत्र म्हणतेय.

प्रश्न : माझी कवळी मुळांवरच्या चुंबकांनी धरलेली आहे, परदेशात मुलाकडे करून घेतली. आता मानेचा एमआरआय सांगितलाय. चालेल का?
— देवळाली कॅम्प

उत्तर : कवळी बाहेर काढून ठेवायची, मशिनच्या खोलीत न्यायचीच नाही. चुंबक सहसा कवळीत असतो आणि मुळावर लोहचुंबकीय पोलादाची छोटी चकती असते. ती चकती तोंडातच राहते आणि आसपासच्या चित्रावर काळा डाग पाडते. मान जवळच आहे, तेव्हा तंत्रज्ञाला आणि रेडिऑलॉजिस्टना आधी सांगा, ज्यांनी ती बसवली त्यांच्याकडून प्रकाराचं नाव लेखी मागवा. चकती काढावी लागेल की नाही ते त्यावर ठरेल. टायटॅनियमचे इम्प्लांट असलेल्या वाचकांनी हे वाचून घाबरू नये. टायटॅनियमला चुंबक ओढत नाही.

प्रश्न : वय ७८. शुगर आहे, आणि हाडं ठिसूळ म्हणून वर्षातून एकदा शिरेतून इंजेक्शन घेते. या वयात इम्प्लांट?
— सिन्नर

उत्तर : वय आड येत नाही, शुगर आटोक्यात असेल तर तीही नाही. मला काळजी त्या इंजेक्शनची वाटते. त्या औषधांमुळे क्वचित जबड्याच्या हाडाची जखम भरत नाही. दात काढण्याआधी किंवा इम्प्लांटआधी दंतवैद्याला इंजेक्शनचं नाव आणि शेवटची तारीख सांगा, आणि तुमच्या हाडांच्या डॉक्टरांशी त्यांना बोलू द्या. स्वतःच्या मनाने इंजेक्शन मात्र बंद करू नका.

प्रश्न : वडिलांना कंपवात आहे. दोन इम्प्लांटवरची नवी कवळी इतकी घट्ट बसते की त्यांना काढता येत नाही. रात्री मी काढतो, आणि मी सेकंड शिफ्टला असलो की ती रात्रभर तोंडातच राहते. एकदा चमच्याने उचकटताना त्यांचा ओठ कापला. डॉक्टर कौतुकाने म्हणाले, ‘बघा, किती पक्की बसलीय!’
— सातपूर

उत्तर : चमचा आजच बंद. चमच्याची दांडी एका बाजूने जोर लावते, त्यात इम्प्लांटवर नको तसा ताण येतो.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण ही चूक आमच्या धंद्यात सर्रास होते. कवळी बसवली की आम्ही ती ओढून बघतो आणि सुटली नाही की खूश होतो. ओढून बघणारा हात आमचा असतो, रोज काढणारा पेशंटचा. माझ्याकडे आता पेशंट स्वतःच्या हाताने, आरशाशिवाय, तीनदा कवळी काढून-घालून दाखवत नाही तोवर मी त्याला खुर्चीतून उठू देत नाही.

दुरुस्ती सोपी आहे, नवी कवळी लागणार नाही. आतल्या रिंगा कोणत्या रंगाच्या आहेत ते बघायला सांगा. गुलाबी किंवा पारदर्शक असतील तर दोन्हीकडे निळ्या घालाव्यात. तेवढ्याने भागलं नाही तर एका बाजूला निळी आणि दुसऱ्या बाजूला अजिबात पकड नसलेली राखाडी ठेवता येते. कवळी तेवढ्यानेही उडत नाही, कारण तिला आडवं सरकू न देण्याचं काम बटणाचा आकारच करतो. शिवाय कवळीच्या बाहेरच्या बाजूला, दोन्हीकडे, अंगठ्याचं नख अडकेल अशी छोटी खाच कोरून घ्या. क्लिनिकमध्ये दहा मिनिटांचं काम आहे. वडिलांनी दोन्ही अंगठे खाचेत घालून दोन्ही बाजू एकदमच वर उचलायच्या, एक बाजू आधी नाही.

एवढं करूनही जमलं नाही तर चुंबकाचा पर्याय आहे. त्याची पकड कमी असते, पण काढताना झटका लागत नाही आणि घालताना तो आपोआप जागेवर खेचून बसवतो. थरथरत्या हाताला ते फार सोयीचं. पूर्वी लाळेने चुंबक गंजायचे, आता ते वेल्ड केलेल्या बंद डबीत येतात, तरी ती डबी घासून फुटली की चुंबक गेलाच. वर एमआरआयचं लिहिलंय तेही लक्षात ठेवा, कंपवाताच्या पेशंटला ते लागू शकतं.

कवळी रात्रभर तोंडात राहिली की खाली बुरशी धरते, हिरडी लाल होते. ती बघायला सांगा, औषध लागेल.

आईकडे वयस्क बायका ब्लाउज शिवायला टाकायच्या, तेव्हा ती नवं टिचबटण शिवण्याआधी हातातल्या हातात पाचपन्नास वेळा उघडझाप करायची. मला वाटायचं, चाळा आहे. विचारलं तर म्हणाली, आजींची बोटं सुजतात, त्यांना नवं बटण उघडत नाही.

डॉक्टरांची वेळ घेताना एक करा. कंपवाताची गोळी लागू पडली की तुमच्या वडिलांचे हात तास-दोन तास बरे चालत असतील. ती वेळ घेऊ नका. गोळीचा असर उतरत आलेला असतो, हात सर्वात वाईट असतात, तेव्हाची घ्या, आणि रिंग त्या हातांवर ठरवायला सांगा. पुढची गोळी सोबत न्या, म्हणजे काम झाल्यावर लगेच देता येईल.